एकदाच जेवणाऱ्या बाईचं वजन

दिवसातून मी एकदाच जेवत होते आणि माझं वजन वाढत होतं. हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या सासूबाईंकडे, मग पुन्हा काट्याकडे. काटा बिघडलेला नव्हता. काट्यातलं मला कळतं, माझी नोकरीच काट्यावरची आहे.

खामगावला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाटा सांभाळते. कापसाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, माल उतरवून पुन्हा रिकामी चढते. मी काचेमागून आकडा पाहते आणि पावती देते. केबिन जमिनीपासून काही पायऱ्या वर आहे. खुर्ची, संगणक, पंखा आणि चहासाठी विजेची किटली, एवढंच तिच्यात मावतं. सीझनमध्ये गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर जाते आणि बदली माणूस नसतो. जरा उठलं की खालून हॉर्न सुरू होतात. बायकांचं स्वच्छतागृह सरकीच्या गंजीपलीकडे, म्हणून पाणीसुद्धा मी बेतानं प्यायचे. पायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा मला वाटलं, बसून बसून येतात. कोणालाही तसंच वाटलं असतं.

हे लिहिते आहे ते अशाच बायकांसाठी. अंगानं भरलेल्या, सगळ्यांच्या मते खात्यापित्या घरच्या, आणि आतून रिकाम्या.

नेम

माझ्या मिस्टरांच्या हृदयात अकोल्याला स्टेंट टाकला. ते आत होते, आम्ही बाहेर बाकावर. सासूबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. त्या गावच्या देवीला बोलल्या होत्या की, पोरगा पायानं चालत घरी आला तर माझी मोठी सून सव्वा वर्ष एकभुक्त राहील. मी शेजारीच बसले होते. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्या घटकेला मी नाही म्हटलं नसतं. सासूबाईंना स्वतःला साखर आहे, त्यांना उपाशी राहता येत नाही. धाकटी जाऊ वर्षा, तिचं बाळ अंगावर पीत होतं. माझी मुलगी मोठी, शिकायला वसतिगृहात. उरले मी.

मिस्टर पायानं चालत घरी आले आणि माझा नेम सुरू झाला. जेवण दिवसातून एकदा, संध्याकाळी कामावरून आल्यावर, देवापुढे दिवा लावून. दुपारचा डबा बंद.

पहिले काही दिवस चहावर काढले. दुपारी डोळ्यांपुढे आकडे हलायचे. एका गाडीची पावती चुकली, ड्रायव्हरनं ती परत आणून दिली आणि चारचौघांत विचारलं, बाई, चष्मा बदलता का? त्या दिवशी समोरच्या टपरीवरून मी नूडल्सचं पाकीट आणलं. किटलीत पाणी होतंच. पण फोडण्याआधी घरी फोन केला, कारण नेम माझा असला तरी बोललेला सासूबाईंचा होता.

त्यांनी विचारलं, ते काय असते? मी सांगितलं.

"म्हंजे शेवयाच ना त्या? भाकर नाई, भात नाई, मंग ते जेवन कायचं? शेवयाचं कोनी कोनाले जेवाले बोलावते काय?"

एवढ्यावर निकाल लागला. ज्यात भाकर-पोळी नाही, भात नाही, ते जेवण नाही. चहा जसा, तशाच या शेवया. मला तो निकाल पटला, कारण मला भूक लागली होती.

पुढचे कित्येक महिने दुपारी एक पाकीट, चार-साडेचारला दुसरं, गाड्या जास्त असल्या तर तिसरंही. मध्ये मध्ये साखरेचा चहा आणि टोस्ट. मसाल्याचं पाणीही मी प्यायचे, गरम लागतं म्हणून. संध्याकाळी घरी गेलं की पोटात जडपणा. वरण-भाकरी समोर यायची, पण भूक मेलेली असायची. नेमाचं एकमेव जेवण अर्धं टाकून मी उठायचे. सासूबाई ते पाहून म्हणायच्या की सुनेनं जीव मारला आहे.

जीव मारलेल्या सुनेचे ब्लाउज मात्र दोनदा उसवून सैल करावे लागले. बांगड्या साबण लावून काढल्या. वर्षा मला म्हणाली, "ताई, एकभुक्ताचं तेज लईच चढून राह्यलं तुमच्या अंगावर." ती हसत म्हणाली, पण तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे तिची नजर जाते तेही दिसलं. मी चोरून खाते असं घरात बोललं जात होतं. मी रागावून एक दिवस नूडल्सही सोडले. दुपारी केबिनमध्येच मान टेकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा किटली लावली.

चप्पल

जीभ लाल होऊन सोलल्यासारखी झाली. थोडं चाललं की धाप लागे. पायांत जाड मोजे घातल्यासारखं वाटे, आणि मोजे तर मी घालत नव्हते. एकदा मी केबिनमधून फाटकापर्यंत चालत गेले, तेव्हा एका ड्रायव्हरनं हटकलं, "बाई, तुमची चप्पल वरच राह्यली ना." मी खाली पाहिलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय उन्हानं तापलेल्या लोखंडी पत्र्यावर उघडा. मला कळलंच नव्हतं. मी हसून वेळ मारून नेली आणि घरी कोणाला सांगितलं नाही.

वाचणाऱ्या बाईला माझं सांगणं आहे की, पायातली चप्पल गेलेली कळली नाही तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मी थांबले. नंतर एका संध्याकाळी पायरीवर पाऊल ठेवलं असं मला वाटलं. ते पायरीवर नव्हतं. मी खालच्या काँक्रीटवर पडले. जिनिंगमध्ये कापूस वेचून साफ करणाऱ्या बायका धावत आल्या आणि त्यांनी मला उचलून तिथल्याच एका रिक्षात घातलं. मला उचलताना त्यांची जी धाप निघाली तिचीच मला जास्त लाज वाटली.

निदान

हाड मोडलं नव्हतं. रक्त मात्र इतकं कमी होतं की डॉक्टरांनी रिपोर्ट परत तपासायला पाठवला. डॉक्टर बाई तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. वजन एवढं आणि रक्त एवढं, असं कसं, हा त्यांचा प्रश्न. दिवसातून किती वेळा जेवता? सासूबाईंनीच अभिमानानं उत्तर दिलं, एकदा.

डॉक्टरांनी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं. दार लोटलं आणि मला हळू आवाजात विचारलं की घरात जेवायला मिळतं ना. मला हसू आलं आणि मग आलं नाही. नेम सांगितला. मग दिवसभर काय खाता? मी म्हटलं, काही नाही, चहा. मी खोटं बोलत नव्हते. नूडल्स माझ्या हिशेबात नव्हतेच.

मग त्यांनी मला डोळे मिटून झोपायला सांगितलं. टाचणी टोचते, टोचलं की सांगा. मी वाट पाहत राहिले. बराच वेळ काही झालं नाही, म्हणून म्हटलं, "टोचा ना."

मी डोळे उघडले. टाचणी माझ्या पायाच्या अंगठ्याशी होती आणि अंगठ्यावर रक्ताचा थेंब होता.

आजारपणातली खरी भीती मला त्या थेंबानं दाखवली. रक्त कमी आहे हे वाक्य बायकांना आयुष्यभर ऐकू येतं, त्याचं काही वाटत नाही. पण पाय असून नसणं वेगळं. डॉक्टरांनी सांगितलं की बी-बारा नावाचं जीवनसत्त्व जवळजवळ संपलं आहे, त्यामुळे नसा सुकत चालल्या आहेत. लोहही नाही. इंजेक्शनं देऊ, रक्त चढवू. पायांची जाणीव परत येईल का? बहुतेक येईल, पूर्ण येईल असं लिहून देत नाही, त्या म्हणाल्या. अजून उशीर केला असता तर येणार नाही असं लिहून दिलं असतं.

खाट

खाटेला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे होते. उठायचं तर आयाला हाक मारायची, कारण उतरताना पाय जमिनीवर आहे की नाही हे मला खाली पाहिल्याशिवाय समजत नव्हतं. अंधारात तर अजिबात नाही. आया चांगली होती, पण तिला सगळा वॉर्ड होता. मी पुन्हा पाणी बेतानं प्यायला लागले. केबिनमध्ये काच होती, इथे कठडे होते, फरक एवढाच. सलाईनची नळी एका हाताला, रक्ताची पिशवी टांगलेली. शेजारच्या खाटेवरची बाई बाळंतपणाची. तिला भेटायला येणारे माझ्याकडे पाहून विचारायचे, ह्या कायनं? ती सांगायची, अशक्तपणा. मग ते माझ्याकडे पुन्हा एकदा, जरा सावकाश पाहायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला सणकून भूक लागली. नेमाचं जेवण संध्याकाळी, म्हणून मिस्टरांनी दवाखान्याच्या फाटकावरून नूडल्सचा कप आणला. मी अर्धा खाल्ला असेल तेवढ्यात डॉक्टर राउंडला आल्या.

"तुम्ही तर संध्याकाळी जेवता ना?"

"हे जेवण नाही," मी म्हटलं.

त्यांनी कप हातात घेतला, फिरवून पाहिला. असे किती खाता? मी सांगितलं. केव्हापासून? तेही सांगितलं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या. मिस्टर सावरून उभे राहिले, ते शाळेत लिपिक आहेत, ती सवय.

त्या काय म्हणाल्या ते मी माझ्या भाषेत लिहिते, कारण नूडल्सचं हेच लोक मला आता विचारायला येतात. नूडल्समध्ये विष नाही. कोणी कधी हौसेनं खाल्ले तर काही बिघडत नाही. पण ते तळून वाळवलेला मैदा आहे आणि वर मीठ. तेवढ्याशा पाकिटात शक्ती भरपूर असते, म्हणून बसून राहणाऱ्या बाईचं वजन वाढतं. मिठानं अंगात पाणी धरतं, ते वजन आणखी वेगळं. आणि रक्ताला, नसांना, हाडांना लागतं ते त्यात नावापुरतंच. पोटाला वाटतं भरलं, म्हणून पोट दुसरं काही मागत नाही. माझ्या बाबतीत मुख्य नुकसान नूडल्सनी माझ्या ताटातून जे उठवलं त्यानं झालं. डाळ गेली, भाजी गेली, दही-ताक गेलं. घर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दूध होतं ते चहात पडायचं तेवढंच. म्हणजे केवळ नूडल्सनी आजारी पाडलं असं मी म्हणणार नाही. केवळ नेमानंही नाही. दोघांनी मिळून केलं, आणि एकमेकांच्या आड लपून केलं.

मिस्टरांनी उरलेला कप नेऊन टाकला. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की ते आता नेमाचं बोलणार. मी त्यांना दवाखान्यात बोलू दिलं नाही.

घर

घरी आले ती वॉकर घेऊन. मधल्या खोलीत माझी खाट टाकली. डॉक्टरांनी तीन वेळा जेवायला सांगितलं होतं आणि नूडल्स बंद. नूडल्स बंद झाले, तीन वेळा जेवण सुरू झालं नाही. सव्वा वर्ष पुरं व्हायला अजून अवकाश होता.

मिस्टरांनी आईशी बोलून पाहिलं. सासूबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. माझ्या खाटेपाशी येऊन बसल्या आणि मलाच म्हणाल्या, "सुनंदा, तुह्या पायासाठी मी माह्या पोराचं कायीज पनाले लावू काय? तूच सांग. तू माय हायेस ना एका पोरीची?"

मला त्यांचा राग आला नाही, ही अडचण होती. राग आला असता तर सोपं झालं असतं.

मी नवस-सायास मानणारी बाई नाही. देवीनं स्टेंट टाकला नाही हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या तेव्हा वर्षानं दुपारचं ताट माझ्यापुढे ठेवलं. भाकर, वरण, मेथीची भाजी. तिनं दारही लोटून घेतलं. मिस्टर खोलीतच होते. ते म्हणाले, "जेव. मले काई होत नाई." आणि ते तसं म्हणाले म्हणूनच माझा हात उठेना. अकोल्याच्या बाकावरची ती वेळ मी पाहिली होती. पांढऱ्या चादरीखाली त्यांना आत नेताना पाहिलं होतं. नेमावर विश्वास नसलेली बाई ताटाकडे पाहत बसली आणि ताट परत गेलं. वर्षा जाताना एवढंच बोलली, "ताई, तुमी बी ना."

पुढचे दिवस वाईट गेले. आधी निदान पोट भरलेलं असे. आता खरी उपाशी. स्वयंपाकघरातला फोडणीचा आवाज खोलीत ऐकू यायचा. नेम मोडता येत नव्हता, पाळता येत नव्हता, आणि उठून कुठे जाताही येत नव्हतं. इंजेक्शन द्यायला येणारी नर्स म्हणाली की नुसत्या सुईवर किती दिवस काढणार, अंगाला खायला घाला. मी पायांकडे पाहायचे. ते शेजारणीचे पाय असावेत तसे पडलेले.

रडून काही होणार नव्हतं. मी डॉक्टरांनी दिलेला खाण्याचा कागद काढला आणि सासूबाईंना बोलावलं. म्हटलं, तुम्ही शेवयाचा निकाल दिला होता, आता बाकीच्यांचा द्या. ताक म्हणजे जेवण का?

"ताक? नाई."

दूध? नाही. भिजवलेले शेंगदाणे? नाही. मोडाची मटकी, नुसती वाफवलेली?

"नुसती? नाई." त्यांना आता अंदाज आला होता. माझ्याकडे निरखून पाहत होत्या.

"वरण?"

"वरन म्हंजे जेवनच," त्या झटकन म्हणाल्या.

"भाकरीशिवाय?"

मी पुढे बोलले नाही. एक वाक्य जास्त झालं असतं तर त्या हट्टाला पेटल्या असत्या. त्या उठून गेल्या. मिस्टर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले होते, पान उलटल्याचा आवाज मात्र आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई स्वतः आल्या. हातात स्टीलचा मोठा पेला. त्यात पालक घालून घट्ट शिजवलेली तुरीची डाळ, वर लिंबू पिळलेलं. ताट नाही, वाटी नाही.

"पेल्यात जे येते ते जेवन नाई," त्या म्हणाल्या. "पे."

मी प्यायले. त्या पेला रिकामा होईपर्यंत उभ्या होत्या. मग पदरानं पेल्याची कड पुसली आणि पुन्हा भरून आणला.

त्यानंतर आमच्या घरात सगळं पेल्यातून यायला लागलं. मटकी, दही, पनीर, शेंगदाण्याचं कूट घातलेली चुक्याची पातळ भाजी. वर्षाचा छोटा मुलगासुद्धा पेल्यातच जेवण मागायला लागला. मी डॉक्टरांच्या कागदावरचं अंडं एकदा वाचून दाखवलं तेव्हा मात्र सासूबाईंनी पेलाच उचलून नेला. ते मी सोडून दिलं. सगळंच जिंकायला जायचं नसतं.

पाय

जाणीव परत आली ती आगीसारखी. तळवे जळायचे, चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही. मी घाबरले, डॉक्टर खूश झाल्या. ज्यांना हे होईल त्यांनी घाबरू नये, नसा जाग्या होताना अशाच बोंबलतात. मग वॉकर सुटला. मग भिंत सुटली. वजन हळूहळू उतरलं, कोणाच्या नजरेत भरेल इतकं नाही, पण मला पायऱ्या चढताना कळतं. डाव्या पायाची दोन बोटं अजून मुकी आहेत. ती तशीच राहतील, असं डॉक्टरांनी आता लिहून दिलं आहे.

कामावर परत गेले तेव्हा मालकांना सांगितलं की दुपारी काटा थोडा वेळ बंद राहील. हॉर्न वाजतात. वाजू देत. डबा खाऊन होईस्तोवर मी काचेकडे पाठ करून बसते. समोरच्या टपरीवर पाकिटं अजून लटकलेली असतात. कॉलेजच्या पोरी घेतात, मी काही म्हणत नाही. कोणी विचारलं तरच सांगते. एकदा खाल्लेल्यानं नाही, पण रोज जेवणाऐवजी खाल्लं आणि ते खाणं आहे हेच विसरलं तर वजन चढतं आणि अंग उपाशी राहतं. अंगाला नेम-बिम कळत नाहीत.

उद्यापन

सव्वा वर्ष पुरं झालं. सवाष्ण जेवू घातली, पुरणपोळी झाली, देवीला साडी-चोळी झाली. हे सगळं मी उभी राहून केलं. दुपारी पंगतीत जेवले. ते नेमाचं शेवटचं एकवेळचं जेवण.

संध्याकाळी आम्ही पुन्हा जेवायला बसलो. दुसऱ्या वेळचं माझं पहिलं ताट. ज्वारीची भाकर, वरण, ठेचा. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच वेळी समोर मिस्टरांनी छातीवर हात ठेवला.

वर्षाच्या हातातला डाव पातेल्यावर वाजला. सासूबाई पाहत होत्या, त्यांच्याकडे नाही, माझ्या हातातल्या तुकड्याकडे.

मी तुकडा धरूनच मिस्टरांकडे पाहिलं. कपाळावर घाम नव्हता. हात दुखतो का, विचारलं. नाही म्हणाले. दम लागतो? नाही.

"मग काय होतंय?"

"जळजळून राह्यलं," ते ओशाळून म्हणाले. "दुपारी पुरन जास्त झालं."

मी वर्षाला त्यांच्यासाठी गार दूध आणायला सांगितलं. ते प्यायले. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना पाहत बसलो. थोड्या वेळानं त्यांनी छातीवरचा हात काढला आणि ठेचा मागितला. तो त्यांना कोणी दिला नाही.

मी तुकडा वरणात बुडवून खाल्ला. मग दुसरा. ताटातली भाकर संपत आली तेव्हा सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, परातीतल्या पिठाचा गोळा घेतला आणि माझ्यासाठी दुसरी भाकर थापायला लागल्या.